कापसातली धामण

हर्षाचा फोन आला तेव्हा घरात तिला टेकायला जागा नव्हती, कारण तिच्या जागेवर कापूस झोपला होता. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत शेगडी, खाट आणि तानबा-शोभाबाई हे नवरा-बायको. मागच्या खोलीत घरच्या दोन एकरांतला, दिवाळीपासून भरत आणलेला कापूस, थेट पत्र्याला टेकलेला. आमच्या भागात कापूस पाहुण्यासारखा येतो आणि घरजावयासारखा राहतो. त्याच्यामुळं सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते, पण त्याला जा म्हणायची कुणाची छाती होत नाही. भाव वाढेल, थोडं थांबू, असं म्हणता म्हणता चैत्र लागला आणि पत्रा तापून कापसाचा वास घरभर फिरायला लागला.

"आई, रविवारी येते मी," हर्षा म्हणाली. "डॉक्टरनं प्रवासाले हो म्हटलं."

आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. जावई पिपरी मेघेत राहायचा, सावंगीच्या दवाखान्यात नोकरीला होता. दवाखाना तिथं दारात होता, तरी तो बिचारा रिवाजापुढं काही बोलला नाही. शोभाबाईनं बोटांवर हिशेब केला. शनिवारी आर्वीहून कापसाची गाडी बोलवायची, त्याच दिवशी खोली झाडून-सारवून घ्यायची, रविवारी लेक.

सगळं बरोबर बसत होतं. पण गुरुवारी दुपारी, बाळाच्या उशीसाठी मूठभर कापूस काढावा म्हणून शोभाबाईनं मागच्या खोलीत जाऊन ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत तिच्या बोटांना काहीतरी गार लागलं. गार, गुळगुळीत, आणि ते हळूच पुढं सरकलं.

ती ओरडली नाही. हात काढून घेतला, बाहेर येऊन खाटेच्या पायाशी बसली आणि पदरानं बोटं पुसत राहिली.

"अवो."

"काय वं?" तानबा खाटेवर पडला होता.

"कापसात काही तरी हाय."

"उंदीर असन."

"उंदीर गार रायते का?"

तानबा उठून बसला.

या गावात साप म्हटलं की तानबा, असं चाळीस वर्षं चाललं होतं. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या चुलीमागं, कुणाच्या देव्हाऱ्यात साप निघाला की पोरं पळत याच्या दाराशी येत. मग हा भिंतीवरची वेळूची काठी काढायचा. खालच्या टोकाला लोखंडी कडी होती, वरचं टोक हातानं घासून तांबूस झालेलं. गडी घाई करायचा नाही. बिळाच्या तोंडाशी उकिडवा बसायचा आणि वाट पाहायचा. साप मेला की लोक चहा पाजत, नारळ देत, आणि पुढं चार दिवस रस्त्यानं जाताना बायका डोक्यावर पदर घेत. लोकांच्या शेतात सालदारकी करून आयुष्य गेलेल्या माणसाला तेवढाच एक मान होता, आणि तानबानं तो जिवापलीकडं जपला.

गेल्या वर्षी त्याला लकवा झाला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण उजवा हात खांद्यापासून तसाच लोंबत राहिला. गावात कुजबूज झाली की सापांचा शाप भोवला. श्रावणात एका गोठ्यात साप निघाला तेव्हा कुणी तानबाच्या दाराशी आलं नाही. आर्वीहून मयुरी नावाची एक पोरगी स्कुटीवर आली, साप थैलीत घातला, पाणी प्याली आणि गेली. सगळं गाव तिच्यामागं. तानबा ओसरीवर बसून होता. कोणता साप निघाला, हेसुद्धा त्याला कुणी सांगितलं नाही.

आता साप त्याच्याच घरात होता. त्यानं डाव्या हातानं काठी काढली.

शोभाबाई दारात आडवी झाली. "मारायचं नाई. पोरगी आठ महिन्याची हाय. गरवार बाई ज्या घरची, त्या घरात साप मारत नाईत. तुमीच सांगत होते लोकायले."

"मंग काय त्याले चहा पाजू?"

"काय पाजाचं ते पाजा, मारायचं नाई."

तिला बाजूला सारून तो दारात गेला आणि नुसतं दाखवायला म्हणून काठी वर उचलली. डाव्या हातातली काठी चौकटीला आपटली, निसटली आणि त्याच्याच पायावर पडली. शोभाबाईनं ती उचलून परत भिंतीला लावली.

संध्याकाळी हर्षाला कळलंच. शोभाबाईच्या पोटात काही राहत नाही.

"बाबा, मंग मी येत नाई," फोनवर तिचा आवाज लहान झाला होता. "त्या खोलीत झोप लागन का मले? हे म्हणते का इथंच करू, दवाखाना जवळ हाय."

"अवं, कापूस निघाला का तोही निघते."

"निघाला नाई तर?"

तानबा लकव्यात पडला होता तेव्हा त्यानं मनाशी एकच गोष्ट धरून ठेवली होती: पोरीचं लेकरू या घरात रडलेलं ऐकायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पुरुषमाणसानं असं सांगायचं नसतं, असं त्याला वाटायचं. आता पोरगी तिकडंच राहते म्हणाली. फोन बायकोकडं देऊन तो भिंतीवरच्या काठीकडं पाहत बसला.

"लाव फोन," शेवटी तो म्हणाला.

"कोणाले?"

"त्या पोरीले. आर्वीच्या."

हे तीन शब्द बोलायला त्याला काय पडलं, ते शोभाबाईला ठाऊक होतं. ती लगेच नंबर शोधायला उठली, त्यानं मन बदलायच्या आत.

शुक्रवारी चार वाजता मयुरी आली. पंचवीसेक वर्षांची, डोक्याला आणि नाकातोंडावर स्कार्फ गुंडाळलेली, उन्हानं डोळे लाल. आर्वीला झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती, दोन तासांची सुट्टी मागून आली होती. तिच्या हातात वाकवलेल्या टोकाची लोखंडी सळई होती.

"काका, थैली नाई माझ्याकडं," ती आल्या आल्या म्हणाली. "सकाळी एका घोरपडीनं नखानं फाडून टाकली. जाड कापडाची, खोल अशी एखादी पिशवी हाय का घरात?"

शोभाबाईनं खुंटीवरची वेचणीची झोळी काढली. दोन जुन्या लुगड्यांची, दुहेरी शिवलेली, कमरेला बांधायच्या नाड्या असलेली. या झोळीतून तिनं वीस हंगाम कापूस वाहिला होता. मयुरीनं ती उलटी करून शिवण पाहिली, ओढून पाहिली.

"हे तर माझ्या थैलीहून पक्की हाय."

"मंग! वीस किलो मावते तिच्यात," शोभाबाई म्हणाली. एवढ्या भीतीतही तिला बरं वाटलं.

मयुरीनं एकच नियम सांगितला: फावडं नाही, कुदळ नाही, पाय नाही. कापूस हातानं, वरून, थोडा थोडा काढायचा. अंगणात ताडपत्री अंथरली आणि दोघी बायका कामाला लागल्या. शोभाबाई वेचणारी बाई. बोंडातून कापूस ओढताना पाकळीसुद्धा तुटू न देणारी तिची बोटं. ती कवेत कापूस घ्यायची तो न दाबता, आणि उचलण्याआधी तळहात खाली घालून अंदाज घ्यायची. मयुरी तिच्याकडं पाहून तसंच करायला लागली. पत्रा तापला होता. तंतू घामानं ओठांना, पापण्यांना चिकटत होते, मानेला खाज सुटली होती आणि खाजवायला हात मोकळा नव्हता. तानबा दाराशी खुर्चीवर बसून होता. त्याला कुणी काही काम सांगितलं नव्हतं.

तासाभरानं ढीग छातीएवढा झाला आणि साप पहिल्यांदा दिसला. मधला भागच तेवढा. पिवळट तपकिरी, मनगटाएवढा जाड, शेपटीकडं काळ्या रेघांची जाळी. दिसला तसा आत गेला.

"धामण हाय," तानबा खुर्चीवरून म्हणाला.

"हो काका, धामणच." मयुरीनं मागं वळून पाहिलं. "एवढ्या लांबून ओळखली?"

तानबानं मान हलवली. हा एक प्रश्न सोडला तर गेल्या वर्षभरात त्याला सापाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

"विषारी नाई ना, माय?" शोभाबाईनं विचारलं.

"नाई काकू. चावली तर दोन दात लागतीन, धुऊन टाकायचं. उंदरासाठी आली अन् गारव्यासाठी राह्यली असन."

पण विषारी नसली म्हणून धामण हाती लागते असं नाही. कापसात आवाज येत नाही. एका बाजूनं कापूस काढला की ती दुसऱ्या बाजूला, तिकडं गेलं की तळाशी. साडेपाच झाले, सहा झाले. ताडपत्रीवरचा ढीग अंगणात मावेना. मयुरीचा मालक फोन करून राहिला होता. पलीकडच्या वाड्यातली सुलोचनाबाई रस्त्यावरून दोनदा डोकावून गेली होती, आणि उद्या कापूस भरायला यायच्या बायकांनी निरोप पाठवला होता: साप निघाल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही.

"अंधार पडला तर मग काम उद्यावर जाईन काकू," मयुरी भिंतीला टेकली. "रात्री कापसात हात घालणं बरं नाई."

शोभाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. उद्यावर गेलं म्हणजे गाडी गेली, आणि गाडी गेली म्हणजे लेक गेली.

तानबा खुर्चीवरून उठला. मग म्हणाला, "ते मोरीपाशी येईन."

मागच्या खोलीच्या कोपऱ्यात जुनी मोरी होती. तिचं भोक भिंतीतून घराच्या मागं निघायचं.

"पण मोरी तर तुमी बुजवली ना?" शोभाबाई म्हणाली.

"म्हणूनच."

आठ दिवसांपूर्वी त्याला मागच्या अंगणात त्या भोकाशी कात सापडली होती. चांगली लांब, ताजी. त्यानं ठरवलं की साप बाहेर गेला. मग एका हातानं सिमेंट कालवून त्यानं भोक बंद केलं, आणि लकव्यानंतरचं पहिलं काम म्हणून बायकोला तीनदा दाखवलं. तिनंही तीनदा वाखाणलं. काल तिच्या हाताला गार लागलं, त्याच क्षणी त्याला कळलं होतं की कात बाहेर टाकून धामण आत परतली होती आणि आपण तिला घरातच कोंडलं होतं. चाळीस वर्षं साप ओळखणाऱ्यानं, नवशिक्यालाही शोभणार नाही अशी चूक केली होती. हे तो कालपासून गिळून बसला होता.

"म्याच कोंडली तिले," तो म्हणाला. "तिची जायची-यायची वाट तेच. रोज तिथं येऊन पाहत असन, उघडलं का म्हणून. भोक फोडा अन् इकडून हळूहळू कापूस काढत जा. ते आपल्या वाटेनं निघन."

शोभाबाईनं छन्नी-हातोडी शोधून आणली. ती चार शब्द बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"पण काका, बाहेर कोण धरीन?" मयुरीनं विचारलं. "मले आत राहावं लागन. काकू कापूस काढतीन."

तानबानं आधी झोळीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "मी बसतो ना."

मयुरी त्याच्या लोंबत्या हाताकडं पाहणार होती, पण तिनं पाहिलं नाही. तेवढं त्या पोरीला कळत होतं.

मागच्या अंगणात मोटारीच्या जुन्या पाइपाचा तुकडा पडला होता, दोन हात लांब. मयुरीनं त्याच्या एका तोंडावर झोळी चढवून नाडीनं बांधली. छन्नी-हातोडीनं भोकातलं सिमेंट फोडलं. एका हाताचं कच्चं काम, चार ठोक्यांत निघालं. पाइपाचं उघडं तोंड तिनं भोकात बसवलं.

"काका, डाव्या हातानं पाइप दाबून धरा, हलू देऊ नका. ते झोळीत उतरली का झोळीचा गळा पिरगाळायचा. हाक मारा, मी धावत येते."

"एका हातानं पाइप धरू का गळा पिरगाळू?"

"आधी पाइप. मी येतेच."

ती आत गेली. तानबा भिंतीशी, मातीत, उकिडवा बसला.

ही त्याची जुनी जागा. बिळाच्या तोंडाशी, श्वास रोखून, कान उघडे ठेवून. तीच बैठक, तेच वाट पाहणं. फक्त हातात काठी नव्हती, आणि म्हणून त्याला आपण उघडे पडल्यासारखं वाटत होतं. भिंतीपलीकडून दोघींचं हळू बोलणं येत होतं. ऊन उतरलं होतं, भिंत अजून तापलेली होती. मुंग्या पायावर चढत होत्या. त्यानं त्या चढू दिल्या.

मग पाइपात खर्र असा बारीक आवाज आला.

हातातला पाइप जड झाला. आत खवले सरकत होते, ते त्याच्या तळहाताला कळत होतं. थोडं सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. झोळीचं कापड फुगलं. त्यात डोकं शिरलं, मग अंग, आणखी अंग. किती लांब होती कोण जाणे, संपतच नव्हती. शेवटी पाइप एकदम हलका झाला आणि झोळी जमिनीवर पसरून हलायला लागली.

"आली!" त्यानं हाक मारली. "मयुरी, आली वं!"

पण आत कापूस होता, दोघी त्यात मांड्यांपर्यंत रुतलेल्या. आणि झोळीत वळलेलं डोकं परत पाइपाकडं यायला लागलं होतं. पाइप सोडावा तर भोक मोकळं होणार, धरून ठेवावा तर ती परत आत जाणार. तानबानं खांदा मागं घेतला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून पुढं फेकला. मेलेला हात हवेतून आला आणि धप्पकन झोळीच्या गळ्यावर पडला. मग त्यानं सगळं अंग त्या हातावर टाकलं. कापडाखालून डोकं त्याच्या हाताला धडकलं, एकदा, दोनदा. ती धडक त्याला खांद्यात कळली. हात तसाच पडून राहिला. वर्षभर ओझं म्हणून वागवलेला तो हात त्या वेळी ओझं म्हणूनच कामी आला.

मयुरी धावत आली तेव्हा म्हातारा झोळीवर आडवा पडून हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं गळा पिरगाळला, नाडीचे तीन वेढे दिले, गाठ मारली.

"काका, उठा आता. धरली आपण."

"थांब थोडी," तानबा म्हणाला. "दम घेऊ दे."

सोडायला तो सोबत गेला. नको म्हटलं तरी ऐकेना. स्कुटीवर मागं बसून त्यानं झोळी मांडीवर घेतली. शोभाबाईनं पाहिलं, नाड्यांची गाठ तो अंगठ्यानं पुन्हापुन्हा चाचपत होता.

"किती दूर नेते?"

"जास्त नाई. त्या नाल्याच्या पल्याड, गायरानात. फार दूर सोडली तर तिले पाणी कुठं, बीळ कुठं, काही समजत नाई. मरते मग."

नाल्याशी करंजाची झाडं होती, जुनी वारुळं होती. मयुरीनं झोळीची गाठ सोडून ती आडवी ठेवली आणि दोघं मागं सरले. धामण लगेच निघाली नाही. आधी डोकं बाहेर आलं, जीभ दोनदा लवलवली. तानबा पाहत होता. शेकडो साप पाहिले असतील, पण प्रत्येक वेळी मारायच्या घाईनं. आज घाई नव्हती. डोळा केवढा मोठा आणि गोल होता. मग सगळी सात फूट धामण कापडातून निघून गवतात शिरली आणि गवत थोडा वेळ हलत राहिलं.

"पोरी," तो म्हणाला, "धामणीले पाहून नाग समजला, असं होते का कोणाचं?"

"होते ना काका, लोकायचं रोज होते. तुमचं कसं होईन?"

तानबानं रिकामी झोळी उचलून खांद्यावर टाकली.

अकरा वर्षांपूर्वी सुलोचनाबाईच्या परसात त्यानं एक साप मारला होता. तिचं परस म्हणजे गावाची भाजी. वांगी, वालाच्या शेंगा, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मूठभर सांभार दिल्याशिवाय सोडायची नाही. त्या दिवशी तीस माणसं जमली होती. काठी बसल्यावर तानबानं पाहिलं, धामण होती. पण लोक विचारून राहिले होते, नाग आहे का, नाग आहे का? त्यानं काठीच्या कडीनं डोकं ठेचलं आणि म्हणाला, हो, नाग. वर आणखी म्हणाला, जपून राहा वहिनी, जोडीदार येईल. का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. सुलोचनाबाईनं मात्र त्या दिवसापासून मागच्या दाराला बोल्ट घातला तो काढला नाही. परसात गाजरगवत माजलं आणि सांभाराच्या दोन काड्या ती आठवडी बाजारातून आणायला लागली. हे त्यानं रोज कुंपणावरून पाहिलं होतं.

शनिवारी बायका आल्या, गाडी भरली, खोली रिकामी झाली. सारवलेल्या जमिनीवर शोभाबाईनं खाट टाकली. रविवारी दुपारी हर्षा आली, पोट सांभाळत, पाय सुजलेले. दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मागच्या खोलीत जाऊन तिनं भिंतीवरून हात फिरवला, मोरीत डोकावली आणि बापाकडं पाहून हसली.

"बाबा, तुमी धरली म्हणे?"

"म्या काय धरली. माह्या हातानं धरली," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

तेवढ्यात सुलोचनाबाई आली. पोरीसाठी गोळाभात करून आणला होता, झाकलेल्या डब्यात. पुढच्या खोलीतून आली, पण मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबली.

"आत या ना काकू," हर्षा म्हणाली.

"इथूनच पाहते माय तुले." सुलोचनाबाईचे डोळे मोरीकडं होते. "एकच निघाली ना? मंग दुसरा असनच. जोडी असते वो त्यायची. जोडीदार हुडकत येते, वर्ष लागो का दोन वर्ष. मले तुह्या बाबानंच सांगतलं होतं. तवापासून मी परसात पाय नाई टाकला."

हर्षाचा हात पोटावर गेला. तिनं मोरीकडं पाहिलं, खाटेखाली पाहिलं.

"बाबा, खरं हाय का?"

तानबाला वाटलं, हसण्यावारी न्यावं. काहीतरी सांगून सुलोचनाबाईला पुढच्या खोलीत न्यावं, मग पोरीला एकटीला समजवावं. तसं करता आलं असतं. पण हर्षानं फोन हातात घेतला होता.

"मी ह्यायले बोलावते," ती म्हणाली. "राग नका मानू. मले नाई झोप लागणार इथं."

"थांब," तानबा म्हणाला. "जोडीदार गिडीदार काही येत नाई. म्या बनवून सांगतलं होतं." मग तो सुलोचनाबाईकडं वळला. तिच्याकडं पाहवेना म्हणून डब्याकडं पाहत बोलला. "वहिनी, तुमच्या परसातला तो नाग नव्हता. धामण होती. मले मारल्याबरोबर समजलं होतं. लोकं जमले होते, म्हणून नाग म्हटलं. अन् जोडीदाराचंही तसंच."

सुलोचनाबाई उभीच होती.

"अकरा वर्षं झाले, भाऊ," ती म्हणाली.

"हो जी."

"माही सासू गेली, तिले शेवटी वालाच्या शेंगा पाहिजे होत्या. घरच्या. मागं उभा वेल वाळला, पण मी बाजारातून आणल्या."

तिनं डबा उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेली. शोभाबाई तिच्यामागं दोन पावलं गेली, मग थांबली. हर्षानं फोन खाली ठेवला. ती बापाजवळ येऊन खाटेवर बसली आणि त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. त्याला तिच्या हाताची ऊब कळत होती की नव्हती, ते त्यानं सांगितलं नाही.

पाच वाजता पलीकडून ठोकल्याचा आवाज आला. लोखंडावर दगड. थांबायचा, पुन्हा यायचा. तानबानं ओळखलं, गंजलेला बोल्ट. तो उठला, भिंतीवरची काठी काढली आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडं गेला.

सुलोचनाबाईनं दार उघडलं होतं आणि ती आतल्या पायरीवर उभी होती. पुढं कमरेएवढं गाजरगवत. तिला तानबा दिसला.

"माफ केलं असं समजू नका," ती म्हणाली.

"नाई जी."

"मंग उभं राहून काय पाहता? व्हा पुढं."

तानबानं डाव्या हातात काठी घट्ट धरली. कडीचं टोक जमिनीवर आपटलं: ठक्. थांबला, ऐकलं. एक पाऊल टाकलं, पुन्हा ठक्. कुणी आत असेलच तर त्यानं ऐकावं आणि आपल्या वाटेनं जावं, एवढ्यासाठी. या वेळी काठी त्याच्या हातातून पडली नाही. गवत दोन्ही बाजूंना वाकवत तो पुढं चालला.

मागच्या खोलीच्या खिडकीतून हर्षा म्हणाली, "बाबा, हळू."

सुलोचनाबाईनं पायरीवरून पाय खाली टाकला. अकरा वर्षांनी मातीवर आलेला पाय तिनं आधी नुसता टेकवला, मग त्यावर भार दिला. तानबाच्या पावलावर पाऊल टाकत ती चार पावलं आत आली आणि थांबली.

"थांबा भाऊ," ती म्हणाली. "इथं वांगे होते."